प्रश्न कोणी फोडले

मी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न लिहीत असे, हे कळलं की माणूस जरा जवळ सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, खरं सांगा, उत्तरं आधीच सांगून ठेवतात ना?" दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना हे विचारलं होतं. मी मानेनं नाही म्हटलं, तर ते हसले. बाई लपवते आहे, असं त्यांना वाटलं असणार.

या अंकाच्या संपादकांनी मला विजेती ते प्रश्नलेखिका असा प्रवास लिहून मागितला. तसं पाहिलं तर प्रवास नागपूरच्या सक्करदऱ्याहून मुंबईपर्यंत आणि तिथून परत एवढाच आहे. त्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली आणि ती माझ्या कौतुकाची नाही. संपादकांना मी तसं कळवलं. त्यांनी तीच लिहा म्हटलं.

नागपूरच्या एका दैनिकात मी सतरा वर्षं मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे काम. अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सगळं वाचायचं आणि प्रत्येक ओळीकडे, ही कुठेतरी चुकलेली असणारच, अशा नजरेनं बघायचं. ही नजर ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून बघते. आमचे मिस्टर म्हणतात की मी त्यांच्याशी बोलतानासुद्धा कान चुकीवर ठेवून ऐकते. वाचनाची सवय मात्र त्याआधीची. आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि घरातल्या देवघराच्या फळीवर पुस्तकं आली. मिलमधून थकून आलेले बाबा आम्हा भावंडांना पेपर मोठ्यानं वाचायला लावत आणि अडखळलो की डोळे न उघडता म्हणत, "पुन्हा वाच."

तर त्या कार्यक्रमात मी गेले आणि जिंकले. शेवटचा प्रश्न असा होता: बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे सगळे मिळून एकूण चौरस किती? सूत्रधारानं चारही पर्याय वाचायच्या आत मी दोनशे चार म्हणून मोकळी झाले. गणितात मी हुशार नव्हे. आठच दिवसांपूर्वी आमच्या पेपरच्या मुलांच्या पानावर हे कोडं आलं होतं आणि ते मी तपासलं होतं. निव्वळ योगायोग. पण भाग दाखवला गेला आणि मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली. माझी सख्खी नणंद म्हणाली, "वहिनी, पर्याय तरी पूर्ण ऐकायचे होते. लोकांले वाटते सेटिंग होती." तिलाही तसंच वाटत होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या दिवसांत फार चिडचिड व्हायची. आपण खरे असूनही ते दाखवायला हातात काहीच नसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा पुरतं कळलं होतं. ही गोष्ट पुढे मी विसरले, म्हणून आत्ता मुद्दाम लिहून ठेवते.

पुढे पेपरानं मुद्रितशोधकांची खोलीच बंद केली. त्याच सुमारास कार्यक्रमाच्या प्रश्नविभागाची प्रमुख मृणाल हिचा मुंबईहून फोन आला. वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, बोलायला चटपटीत. म्हणाली, "छायाताई, आम्हाला चुका न करणारं माणूस हवंय." मी सांगितलं की चुका न करणारं माणूस नसतं, चुका पकडणारं असतं. तिनं मला लगेच कामावर घेतलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रश्न लिहिण्यात काय आहे. पुस्तक उघडा, एक माहिती उचला, पुढे प्रश्नचिन्ह टाका. खरं काम असतं चुकीची उत्तरं लिहिण्याचं. चार पर्यायांत एक बरोबर. दुसरा असा की अर्धवट माहिती असलेला माणूस हमखास त्याच्याकडे जाईल. याला आम्ही चकवा म्हणायचो. तिसरा दिसायला बरा, पण विचार केला तर गळून पडणारा. चौथा फक्त जागा भरायला. चकवा जमला नाही तर प्रश्न मेला. शिवाय 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द आले की प्रत्येकाकडे चोर म्हणूनच बघायचं, कारण कुठेतरी कोणीतरी आणखी मोठा निघतोच.

प्रश्न मी लिहिले तरी ते तपासायला दुसरं माणूस लागतं. ते हरकरे सर. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, राहायला नागपूरच्या महाल भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मी दर शुक्रवारी प्रश्नांचे कागद आणि ज्या पुस्तकांतून ते काढले ती पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे जाई. इंटरनेटवर माझा विश्वास नव्हता आणि सरांचा तर वीज गेल्यावर चालू न राहणाऱ्या कोणत्याच गोष्टीवर नव्हता. त्यामुळे पुस्तकं सगळी महालातल्या एका जुन्या वाचनालयातली. सर ती पुस्तकं शेवटपर्यंत वाचत, मी मात्र कामापुरती. मग माझ्या कागदांच्या समासात सर बारीक पेन्सिलीनं शेरे लिहीत.

एकदा मी प्रश्न केला, नागपुरी संत्र्याचा मृग बहार बाजारात कधी येतो, आणि उत्तर लिहिलं जूनमध्ये. सरांनी कागद वर धरून माझ्याकडे बघितलं. "छाया, हे काय लिहून राहिली तू? मृगात फूल येते. फळ हाती यायले फेब्रुवारी-मार्च उजाडते. नागपूरची असून संत्र्यात चुकली?" तो प्रश्न तसाच गेला असता तर काटोल-वरूडच्या बागाईतदारांनी मला शहरात फिरू दिलं नसतं. अशा किमान तीसेक फजित्यांतून त्यांनी मला वाचवलं होतं. सरांच्या पत्नी, काकू, पोहे द्यायच्या, सर मला अरे-तुरे करायचे, आणि बाबा गेल्यानंतर मला 'पुन्हा वाच' म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं.

गुप्ततेचा कारभार मोठा होता. प्रश्न ज्या कॉम्प्युटरवर लिहायचे त्याला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. फोनवर प्रश्नांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकदा एक गृहस्थ आमच्या वरच्या खोलीचे भाडेकरू व्हायला आले आणि खोली बघायच्या आधी आमची रद्दी कोण नेतो ते विचारायला लागले. त्या दिवसापासून मी एक चिठोराही रद्दीत दिला नाही. कागद फाडून बादलीत भिजत घालायचे. सासूबाई त्या लगद्यात मेथी वाटून घालत आणि टोपल्या करत. आमच्या घरात आजही डाळ-तांदूळ जुन्या प्रश्नांत ठेवलेले आहेत.

एवढी काळजी घेतल्यामुळे मला वाटायचं की माझ्याकडून काही फुटणं शक्य नाही. फुटलंच तर ते दुसऱ्याकडूनच.

माझ्या कामाचं सातवं वर्ष चालू होतं. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याचे एक स्पर्धक निवडले गेले. नाव सुरेश मेश्राम. माझंही आडनाव मेश्राम. विदर्भात या आडनावाची घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत, पण मुंबईत मला वेगळा फॉर्म भरून द्यावा लागला की या गृहस्थांशी माझं नातं नाही, ओळख नाही, गाव एक नाही. मी तो भरला. भरताना थोडा अपमान वाटला.

चित्रीकरणाच्या वेळी प्रश्न लिहिणारी व्यक्ती नियंत्रण कक्षात बसते, म्हणजे काही वाद झाला तर लगेच खुलासा करता येतो. समोर पडदे, कानावर हेडफोन, मोबाइल बाहेर जमा. सुरेश मेश्राम पडद्यावर दिसले. चाळिशीचे, सडपातळ, औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी काम करणारे. दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसले होते. बोलणं नम्र. पण उत्तरं मात्र भराभर. पहिले पाच प्रश्न सोपेच असतात, त्याचं काही नाही. सहावा भारतातल्या पहिल्या विमान टपालाचा. पत्रं अलाहाबादहून नैनीला गेली, हे त्यांनी सहज सांगितलं. सातवा मिठागरांवरचा, तोही आला. मृणालनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

आठवा प्रश्न असा होता: जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या मुख्यतः कशापासून बनत? पर्याय लाख, रबर, मेण आणि अभ्रक. बरोबर उत्तर लाख.

सुरेश म्हणाले, "लाख. पहिल्या काही तबकड्या रबराच्या होत्या, पण तुम्ही मुख्यतः म्हटलं ना, म्हणून लाख."

 मी मुळात लिहिलेल्या प्रश्नात 'मुख्यतः' हा शब्दच नव्हता. तो सरांनी घातला होता. समासात त्यांची पेन्सिल होती: 'पहिल्या काही तबकड्या रबराच्या होत्या. मुख्यतः हा शब्द घालावा.' तो शेरा मी आणि सर सोडून कोणी पाहिला नव्हता. मुंबईला फक्त दुरुस्त केलेला प्रश्न गेला होता. आणि मौद्याचा हा माणूस सरांचं वाक्य जवळपास शब्दशः बोलत होता.

मृणालनं चित्रीकरण थांबवलं. बाहेर सांगितलं, तांत्रिक अडचण आहे. मला शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"छायाताई, हा तुमचा कोण?"

मी म्हटलं, कोणी नाही, फॉर्म भरून दिला आहे. ती म्हणाली, फॉर्म सगळेच भरतात. आडनाव एक, जिल्हा एक, आणि हा माणूस पर्याय ऐकायच्या आधीच ओठ हलवतो. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मला भीती वाटली. चौरसांच्या प्रश्नानंतर लोक जसे बघत होते तसंच आता ही बघत होती. तिनं विचारलं, "हे प्रश्न आणखी कोणाकडे होते?"

मी म्हटलं, "तो रबराचा शेरा हरकरे सरांचा आहे."

वाक्य खरं होतं. मी खोटं बोलले नाही, या गोष्टीचा मी पुढे बरेच दिवस आधार घेतला. पण ज्या हातांनी मी एका माहितीसाठी दोन-दोन पुस्तकं उलटीपालटी करत असे, त्याच हातांनी एका माणसाला एका शेऱ्यावर पकडून दिलं होतं, आणि तेही स्वतःची मान सोडवून घ्यायला.

त्या संध्याकाळी सरांना मुंबईहून फोन गेला. तुमची सेवा आता नको, एवढंच सांगितलं. कारण दिलं नाही, पण कारण आपोआप पोचतं. सुरेश मेश्राम यांना कळवतो म्हणून घरी पाठवलं आणि त्यांचा भाग कधीच दाखवला नाही. मी नागपूरला परतले. सर फोन करतील, भांडतील, म्हणून मी वाट बघत होते. फोन आला नाही. निर्दोष माणूस गप्प बसेल का, असं मी मनाशी म्हटलं आणि ते गप्प बसणंही पुराव्यात जमा केलं.

तीन महिने गेले. नवीन तपासनीस मुंबईचा होता, कागद सीलबंद पाकिटांतून जात-येत होते. पण माझं मन स्वस्थ बसेना. याला पश्चात्ताप म्हणता यायचं नाही. सर आणि मौद्याचा हा माणूस यांची गाठ कुठे पडली, ते मला सापडत नव्हतं, आणि न सापडलेली गोष्ट मला झोपू देत नाही. एकदा ती गाठ डोळ्यांनी बघितली की मी मोकळी होणार होते. एका रविवारी सकाळी मी मौद्याची बस पकडली. मिस्टरांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते आहे.

भंडारा रोडनं जाताना वीज केंद्राचं धुराडं दुरूनच दिसायला लागतं. वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. दारात सुरेशच्या पत्नी, सविताबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, कार्यक्रमाचं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण उठल्या नाहीत.

"टीव्हीवाल्या का तुम्ही? हे तिकडून आले तवापासून कोनाशी धड बोलून नाही राहिले. आता अजून काय पाहिजे?"

सुरेश आतून आले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसले. मी सरळ विचारलं की महालातल्या हरकरे सरांना तुम्ही कधीपासून ओळखता.

"कोन हरकरे?" ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, असा माझा समज होता. तिथे काही सापडलं नाही. मग मी रबराच्या तबकड्यांचं विचारलं. ते तुम्हाला कुठून कळलं?

ते आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. पान काढलं, बोट ठेवलं. "लाखेच्या पुस्तकात आहे, मॅडम. खाली बारीक अक्षरात टीप आहे, तिथं." टीप त्यांनी अक्षर न अक्षर उतरवून घेतली होती. पहिल्या काही तबकड्या रबराच्या होत्या. हे पुस्तक मीच वाचनालयातून आणून सरांना दिलं होतं. सरांनी टीप वाचली होती, मी वाचली नव्हती. शेरा सरांच्या डोक्यातून आलेला नव्हता, पुस्तकातला होता, आणि पुस्तक कोणालाही वाचायला मोकळं होतं.

तरीही माझा संशय संपला नाही. वाचनालयात हजारो पुस्तकं आहेत. लाखेवरचं हे जुनं पुस्तक कोण हातात घेतं? मी विचारलं, "हे पुस्तक वाचा म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अकराशे सत्त्याऐंशीनं," ते म्हणाले.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दर सुट्टीला ते बसनं महालात येऊन त्या वाचनालयातून पुस्तक नेत. तिथल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर परतीची तारीख आणि नेणाऱ्याचा सभासद क्रमांक लिहितात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी टपालाच्या इतिहासावरचं एक पुस्तक नेलं आणि थोड्याच दिवसांनी त्यातलाच एक प्रश्न कार्यक्रमात आला. मग दीपगृहांच्या पुस्तकाबाबत तसंच झालं. दोन्ही पुस्तकं एक माणूस सोडून कित्येक वर्षं कोणी नेली नव्हती. सुरेशच्या लगेच आधी दोन्हींवर एकच क्रमांक होता, अकराशे सत्त्याऐंशी.

"मंग मी म्हटलं, हा जो कोनी आहे तो लय हुशार मानूस आहे. याच्या मागं मागं वाचत जायचं. मले वाटलं, तोही कार्यक्रमाची तयारी करून राहिला."

वहीत त्या क्रमांकानं नेलेल्या पुस्तकांची यादी होती, तारखांसकट, फळीवरच्या एकेका पुस्तकाचा शेवटचा कागद बघून जमवलेली. त्यांनी त्यातली बहुतेक वाचून काढली होती. टिपणं काढली होती, अवघड शब्दांचे अर्थ लिहिले होते. मी यादी वरून खाली वाचली. माझी दोन वर्षं तिथे ओळीनं लिहिलेली होती. कागद भिजवून त्याचा लगदा करणाऱ्या बाईनं प्रत्येक पुस्तकावर स्वतःचा क्रमांक लिहून ते फळीवर परत ठेवलं होतं.

तेव्हा उठून निघून जाणं शक्य होतं. कोणाला काही कळलं नसतं. हे मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण सविताबाई समोर बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तो क्रमांक माझा आहे," मी म्हटलं. "प्रश्न मी लिहिते."

 सुरेशनी वही माझ्याकडे सरकवली आणि एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "मिठागराच्या पुस्तकानंतर तुम्ही कोनतं नेलं होतं? ते मले सापडलं नाही." मी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे ते नाव लिहून घेतलं. आणि पेनचं टोपण लावता लावता विचारलं, "मंग मले काहून वापस पाठवलं?"

मी सगळं सांगितलं. आडनावाचं, शेऱ्याचं, माझ्या भीतीचं. सविताबाई म्हणाल्या, "एवढं वाचलं, त्याचीच चोरी झाली म्हना." सुरेश म्हणाले की मुंबईत कोणी आपल्याला काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर वही पिशवीतच होती. गाडीत चेहऱ्यावरची पावडर रुमालानं पुसत ते परत आले होते.

मी मृणालला पत्र लिहिलं. तिनं दोन दिवसांनी फोन केला आणि म्हणाली, "म्हणजे फुटलं तुमच्याकडूनच." बरोबर होतं. महिन्याच्या आत माझं काम सुटलं. सुरेशना मात्र तिनं पुढच्या पर्वात पुन्हा बोलावलं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रश्नांवर. ते सातव्या प्रश्नाला बाद झाले. एका हिंदी मालिकेतल्या सासूचं नाव विचारलं होतं. मला फोन करून हसत म्हणाले, "हे कोनत्या पुस्तकात सापडते जी?" मला हसू आलं नाही. कोणापुढे कोणते प्रश्न ठेवायचे, ते आतल्या माणसाला ठरवता येतं, हे मला ठाऊक आहे. वाचणाऱ्या माणसाला मालिकेचा प्रश्न कसा गेला? मी मृणालला विचारलं. ती म्हणाली, कॉम्प्युटर निवडतो. मी ते मानलं नाही, आजही मानत नाही. पण माझ्या हातात काही नव्हतं आणि या वेळी मी कोणाचं नाव घेतलं नाही.

मुंबईला पत्र लिहिणं सोपं होतं. महालातले दोन जिने चढायला मला आणखी अकरा दिवस लागले. दार सरांनीच उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. बसा." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मी उभ्यानंच सांगायला लागले. मौदा, वही, क्रमांक, सगळं. सांगून झालं तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सर म्हणाले की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. रबराच्या शेऱ्याची गोष्ट त्याच दिवशी त्यांच्या कानावर आली होती, आणि तो शेरा माझ्याशिवाय कोणी वाचला नव्हता, तेव्हा मुंबईला तो कोणी सांगितला असेल हा काही कठीण प्रश्न नव्हता. शाळांच्या प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून त्यांना दरवर्षी बोलावत, त्या वर्षी बोलावणं आलं नाही. किराणा दुकानात एका ओळखीच्या बाईनं काकूंना विचारलं होतं, सरांनी टीव्हीवाल्यांना फसवलं म्हणतात, खरं आहे का? काकूंनी सामान तिथेच ठेवलं आणि घरी आल्या. आता त्या दुसऱ्या दुकानात जातात.

"तुम्ही फोन का केला नाही सर?" मी विचारलं.

"काय सांगायचं होतं फोनवर? मी चोर नाही, असं?" मग म्हणाले, "तुम्ही मला का विचारलं नाही?"

मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, मला वाटलं, तुम्ही खोटं सांगाल. त्यांनी मान हलवली. जणू प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं होतं. काकूंनी चहा आणला. आम्ही तिघांनी तो प्यायला आणि मी निघाले.

त्यानंतर मी प्रश्न लिहिले नाहीत. शिकवणीच्या दोन संस्थांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं.  प्रश्न लिहिणाऱ्यानं समोरच्याला आधी निर्दोष मानायला हवं, आणि ते मला जमतं की नाही याची मला खात्री देता येत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सगळ्यांची नावं बदलायचं ठरवलं. सुरेश, सविताबाई, मृणाल ही नावं खरी नाहीत. सरांचं नाव मात्र मला खरं ठेवायचं होतं, कारण ज्या महालात कुजबूज झाली त्याच महालात हा अंक जातो. त्यांची परवानगी मागायला गेले. ते म्हणाले, आधी वाचायला द्या. चार दिवसांनी त्यांनी कागद परत दिले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं. शेवटी मी एक परिच्छेद लिहिला होता की सरांनी मोठ्या मनानं मला माफ केलं. त्यावर आडवी रेघ होती.

"हे मी कधी म्हटलं नाही," ते म्हणाले. "बाकीचं छापायला हरकत नाही."

तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.